ईसीएम उडालाय सांगून २२ हजार घेतले, बिघाड होता चावीतल्या चिपचा

गाडी स्टार्टर मारतेय पण चालू होत नाही आणि मीटरमध्ये गाडी-कुलुपाचं चित्र असलेला दिवा लुकलुकतोय, असं कुणाचं झालं तर गाडी गॅरेजला टो करायला सांगायच्या आधी हे वाचा. मला नाशकात याच प्रकारात २२ हजारांना गंडवलंय, आणि पैशापेक्षा जास्त संताप ज्याचा आहे ते पुढे सांगतेच.

सकाळी कामावर निघताना गाडी चालूच होईना. स्टार्टर जोरात फिरतोय, हेडलाइट फुल, टाकीत पेट्रोल, पण इंजिन पकडतच नाही. आदल्या रात्री चावी लेकाच्या हातून जिन्यात दोन मजले खाली गेली होती, तेही मी मेकॅनिकला सांगितलं. त्याने स्कॅनर लावला, स्क्रीन मला दाखवली नाही आणि म्हणाला, "ताई, ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, उडालाय. नवा टाकायचा तर चाळीसच्या वर जाईल, आपण बावीसमध्ये रिपेअर करून देऊ." वर दुसरी चावीही मागितली, म्हणे दोन्ही रजिस्टर कराव्या लागतील. दुसरी चावी नवऱ्याकडे पुण्यात होती, ती मागवून दिली. गाडी आली, एकदम मस्त चालायला लागली. बिल म्हणजे साध्या कागदावर 'ईसीएम काम' आणि आकडा.

मग मागच्या महिन्यात वायपरचा स्विच खराब झाला म्हणून दुसऱ्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्यांनी स्टिअरिंगखालचं प्लास्टिकचं कव्हर काढलं आणि मलाच हाक मारली, ताई इकडे या, हे बघा. चावीच्या भोकाभोवती एक काळी गोल रिंग असते, तिला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आणि पट्टीच्या आत नखापेक्षाही लहान असा काळा तुकडा. ती माझ्या दुसऱ्या चावीतली चिप होती! त्यांनी ती चावी उघडली तर चिपची जागा रिकामी. त्याच रिकाम्या चावीने गाडी चालू करून दाखवली, झाली चालू. ईसीएमच्या बोल्टवर कंपनीच्या रंगाची खूण जशीच्या तशी, पानासुद्धा लागलेला नाही.

आता हे नीट समजून घ्या. चिप आणि रिंगच्या या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात, मारुतीवाले आयकॅट्स म्हणतात. चावीच्या डोक्यात चिप असते, तिला सेल लागत नाही, त्या रिंगमधूनच तिला करंट मिळतो आणि ती आपला कोड पाठवते. ओळखीचा कोड आला तरच इंजिनला पेट्रोल आणि स्पार्क मिळतो, नाहीतर बऱ्याच गाड्यांमध्ये स्टार्टर नुसता फिरत राहतो किंवा इंजिन सेकंदभर चालून बंद पडतं. काही गाड्यांमध्ये तर स्टार्टरही फिरत नाही. साध्या चावीच्या गाडीत रिमोटचा सेल संपला म्हणून गाडी अडत नाही, कारण सेल फक्त दरवाज्याच्या लॉकसाठी असतो. बटन स्टार्टवाल्यांचा सेल संपला तर बऱ्याच गाड्यांत रिमोट बटनाला टेकवून स्टार्ट होते, मॅन्युअलमध्ये बघा.

म्हणजे माझ्या पडलेल्या चावीची चिप तडकली होती, बस. नवीन चिप टाकून रजिस्टर करायला या इलेक्ट्रिशियननी अडीच हजार घेतले. आणि त्या पहिल्या पठ्ठ्याने काय केलं तर चांगली चिप कायमची रिंगला बांधून ठेवली, म्हणजे चोराने कुठूनही साधी पत्र्याची चावी घासून आणली तरी गाडी चालू! गाडीचं कुलूपच काढून टाकलं आणि त्याचे माझ्याकडून पैसे घेतले. चोरीच्या क्लेमला विमा कंपनी दोन्ही ओरिजिनल चाव्या मागते, तेव्हा त्यातली एक रिकामी निघाली असती तर मी काय उत्तर देणार होते?

म्हणून सांगते, आधी दुसरी चावी लावून बघा. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती काढून बघा, त्यानेही रीडिंग गडबडतं. बॅटरी उतरलेली असली तरी हा दिवा लागू शकतो. स्कॅनरवर आलेल्या बिघाडाच्या कोडचा स्वतः फोटो काढा, पी०५१३ आला तर तो चुकीच्या चावीचा कोड आहे, तिथे ईसीएमचं नाव काढलं की कारण विचारा. खरंच ईसीएम बदलला असेल तर जुना परत मागा आणि लेबलवरचा नंबर जुळवा, शिवाय नव्या ईसीएमला सहसा चाव्या परत शिकवाव्या लागतात, नुसता बसवून गाडी शक्यतो चालू होत नाही. आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या, कच्च्या कागदाचा मला आता फार त्रास होतोय.

मी त्या पहिल्या मेकॅनिककडे गेले तर म्हणतो, "गाडी चालतीये ना ताई, मग काय प्रॉब्लेम?" चिकटपट्टीचे फोटो दाखवल्यावर दहा हजार परत दिले, बाकीचं नाही म्हणाला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीये, पेमेंट यूपीआयने केलं होतं त्याचा पुरावा आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही म्हणून तिथेही जाणार आहे. तुमच्यापैकी कुणी असं 'ईसीएम काम' करून घेतलं असेल तर एकदा ते स्टिअरिंगखालचं कव्हर उघडून बघाच, आणि सोबत दुसरी चावीही उघडून बघा.