नाव छापलेल्या जर्सीविषयी

माझ्या फुटबॉल क्लबच्या अधिकृत दुकानातून घेतलेल्या या जर्सीचे कापड हलके, शिवण नीट आहे. मात्र पाठीवर उष्णतेने चिकटवलेले नाव सहज निघत नाही आणि असा माल दुकान परत घेत नाही, ही अट, ज्याचे नाव छापून घेतले तो आमचा आघाडीवीर प्रतिस्पर्ध्यांकडे गेल्यावर फार बोचली. पोर्तुगीज फुटबॉलपटू लुईस फिगो २००० मध्ये बार्सिलोना क्लब सोडून थेट कट्टर प्रतिस्पर्धी रेआल माद्रिदला गेला, त्यानंतर २००२ मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर त्याच्या दिशेने डुकराचे मुंडके फेकले गेले; तो प्रकार किळसवाणाच (नोकरी आपणही बदलतो), पण त्यामागची फसवणुकीची भावना आता मला कळते. नावाच्या छपाईचे पैसे वेगळे आकारले जातात. निष्ठा क्लबवर असेल तर कोरी जर्सी घ्यावी. गुण पाचपैकी तीन.