कम्युनिटी कॉलेजचे ट्रान्स्फर सेंटर : नकार आणि अपील यांच्या काळात घेतलेली सेवा

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ज्या कॅम्पसवर आमच्या मुलीची सर्वांत जास्त आशा होती, तेथून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिला ट्रान्स्फर प्रवेश, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाण्याचा प्रवेश, नाकारल्याचे कळले. या नकाराविरुद्ध अपील करण्यासाठी त्यानंतरचे तीन आठवडे आम्ही तिच्या कम्युनिटी कॉलेजातील ट्रान्स्फर सेंटर या मार्गदर्शन केंद्राची सेवा घेतली. कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी ती विनामूल्य आहे. बे एरियात (सॅन फ्रान्सिस्को परिसरात) राहणाऱ्या आमच्यासारख्या अनेक मराठी कुटुंबांतील मुले पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात काढून पुढे विद्यापीठात जातात आणि नकार आला की घरात नेमके काय करायचे हे कोणालाच कळत नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या भेटीतच आमचा एक मोठा गैरसमज दूर झाला. महाराष्ट्रात शिकलेल्या आम्हा दोघांच्या मनात अपील म्हणजे पुनर्मूल्यांकन, असेच समीकरण होते : उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची, गुण पुन्हा मोजायला लावायचे आणि चूक निघाली की निकाल बदलायचा. येथे तसे नाही. त्याच अर्जाकडे पुन्हा एकदा अधिक सहानुभूतीने पाहा, अशी विनंती करण्यासाठी अपील नसते. मूळ अर्जात नसलेली, निर्णयावर खरोखर परिणाम करू शकेल अशी नवी माहिती असेल तरच त्याला अर्थ असतो. नकारपत्रात वैयक्तिक कारणही दिलेले नसते, त्यामुळे ते आपल्यालाच शोधावे लागते. हे शोधण्याचे काम सेंटरमधील समुपदेशक बाईंनी ज्या पद्धतीने केले, त्यासाठी मी या सेवेला सर्वांत जास्त गुण देईन.

त्यांनी आधी किमान पात्रता आणि निवड यांतील फरक स्पष्ट केला. ट्रान्स्फरसाठी ६० सेमिस्टर (सहामाही) किंवा ९० क्वार्टर (तिमाही) युनिट म्हणजे श्रेयांक, ठरलेले सात विषय आणि राज्यातील रहिवाशांसाठी किमान २.४ जीपीए (४ पैकी सरासरी श्रेणीगुण), एवढे असले की अर्ज विचारात घेतला जातो. पण संगणकशास्त्रासारख्या मागणी असलेल्या मेजरमध्ये (पदवीच्या मुख्य विषयात) या रेषेच्या कितीतरी वर असलेल्या विद्यार्थ्यांमधून निवड होते. प्रवेशाची लेखी हमी देणारी ‘टॅग’ ही योजना फक्त सहा कॅम्पसपुरती आहे; बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत, आणि तिचा अर्ज सप्टेंबरमध्येच भरावा लागतो. हे सगळे सांगताना मुलीचे काहीतरी कमी पडले, असा सूर त्यांच्या बोलण्यात एकदाही आला नाही, याची मी कृतज्ञतेने नोंद करते.

मग त्यांनी ‘असिस्ट’ हे संकेतस्थळ उघडले. कोणत्या कम्युनिटी कॉलेजचा कोणता विषय कोणत्या कॅम्पसच्या कोणत्या मेजरसाठी कोणत्या वर्षी ग्राह्य धरला जातो, याचे अधिकृत करार तेथे पाहायला मिळतात. आम्हीही ते पाहिले होते, पण वरवर. बाईंनी गुणपत्रकातील प्रत्येक ओळ करारातील ओळीशी जुळवून पाहिली. मुलीचे कॉलेज क्वार्टर पद्धतीचे आणि तिने काही विषय घेतलेले शेजारचे कॉलेज सेमिस्टर पद्धतीचे, म्हणून त्यांना पहिली शंका कॅल्क्युलसची आली. एकाच मालिकेतील अर्धे विषय एका पद्धतीच्या कॉलेजात आणि उरलेले दुसऱ्या पद्धतीच्या कॉलेजात केले, तर मधला काही अभ्यासक्रम निसटतो आणि पूर्ण मालिका ग्राह्य धरली न जाण्याचा धोका असतो. आमच्या मुलीने ती मालिका एकाच ठिकाणी पूर्ण केली होती. सुट्या विषयांसाठी शेजारचे कॉलेज चालते, मालिकेसाठी शक्यतो नाही, हे मात्र ज्यांची मुले आत्ता पहिल्या वर्षात आहेत त्यांनी जरूर लक्षात ठेवावे.

खरी उणीव दुसरीकडे सापडली. शेजारच्या कॉलेजात तिने लिनियर अल्जेब्रा घेतले होते. अर्ज भरताना तो विषय चालू होता आणि तसे तिने लिहिले होते. डिसेंबरमध्ये तिला त्यात ए श्रेणी मिळाली. परंतु जानेवारीअखेर विद्यापीठाला भरून द्यायच्या शैक्षणिक अद्ययावत माहितीत तिने स्वतःच्या कॉलेजच्या श्रेणी नोंदवल्या आणि ही एक राहून गेली. मेजरसाठी आवश्यक असलेला विषय कागदोपत्री अपूर्णच दिसत राहिला. यावर बाई जे म्हणाल्या ते मला फार महत्त्वाचे वाटले : “नकार याचमुळे आला असे मी सांगू शकत नाही. पण फाइलमध्ये नसलेली आणि खरी असलेली गोष्ट ही एवढीच आहे, त्यामुळे अपील यावरच उभे राहील.”

त्याच आठवड्यात आम्ही एका खासगी सल्लागाराशीही बोललो होतो. काही शे डॉलर घेऊन अपिलाचे पत्र आपण स्वतः लिहून देऊ, असे त्यांनी सांगितले; गुणपत्रक मात्र मागितलेसुद्धा नाही. आम्ही ती सेवा घेतली नाही. अपील विद्यार्थ्याने स्वतः करायचे असते आणि ते एकदाच करता येते. अशा वेळी फाइल न वाचता पत्र लिहू पाहणाऱ्याच्या हाती ती एकमेव संधी देणे मला अजिबात योग्य वाटत नाही.

पत्राच्या बाबतीत सेंटरची मदत काटेकोर होती. मुलीचा पहिला मसुदा दोन पानांचा होता. त्यातील लहानपणापासूनच्या स्वप्नाचा परिच्छेद, आमच्या कष्टांचा परिच्छेद आणि आपल्यापेक्षा कमी जीपीए असलेल्या मैत्रिणीला प्रवेश मिळाल्याचा उल्लेख, हे तिन्ही बाईंनी काढायला सांगितले. स्वप्न आणि कष्ट मूळ निबंधांत येऊन गेले होते आणि दुसऱ्याच्या अर्जाशी तुलनेला अपिलात जागा नसते. उरले ते एक पान : कोणता विषय, कोठे केला, कोणती श्रेणी मिळाली, ती का नोंदवली गेली नाही आणि सोबत शेजारच्या कॉलेजचे गुणपत्रक. चुकीची जबाबदारी सरळ एका वाक्यात घ्यायला त्यांनी सांगितले. शिफारसपत्रे जोडायची का, असे मी विचारले तेव्हा त्यांनी स्पष्ट नाही म्हटले.

पालकांनी आणखी एक गोष्ट जाणून जावी. १९७४ च्या संघीय कायद्यानुसार महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींवर त्याचा स्वतःचा हक्क असतो, मग त्याचे वय काहीही असो. मुलीने लेखी संमती दिल्यावरच मला खोलीत बसू दिले, आणि सारे प्रश्न तिलाच विचारले गेले. सुरुवातीला मला ते खटकले; नंतर मुलगी स्वतःची बाजू नीट मांडताना ऐकली आणि तो नियम मला पटला.

उणिवाही आहेत, आणि त्या लहान नाहीत. मे महिन्यात भेटीची वेळ मिळणे अतिशय कठीण जाते. सकाळी खुल्या झालेल्या वेळा काही मिनिटांत संपतात आणि एका भेटीला फक्त अर्धा तास मिळतो. दुसऱ्या भेटीत वेगळ्या समुपदेशक होत्या आणि पहिल्या भेटीच्या नोंदी त्यांच्यासमोर नव्हत्या, त्यामुळे दहा मिनिटे सगळे पुन्हा सांगण्यातच गेली. सर्वांत गंभीर बाब अशी की, शरद ऋतूत अर्ज भरण्याच्या कार्यशाळा जवळजवळ दर आठवड्याला होतात, परंतु जानेवारीतील अद्ययावत माहितीसाठी एकही कार्यशाळा झाली नाही. एकाहून अधिक कॉलेजांत विषय घेणारे विद्यार्थी नेमके तेथेच चुकतात. मी हे सेंटरला लेखी कळवले आहे.

दुसऱ्या एका कॅम्पसने मुलीला प्रवेश दिला होता. अपिलाचा निर्णय प्रवेश स्वीकारण्याच्या १ जूनच्या मुदतीनंतर येऊ शकतो, म्हणून तो प्रवेश आधी स्वीकारा, असे सेंटरने बजावले होते आणि आम्ही तसे केले. अपिलाचा निकाल जूनच्या मध्यात आला. मूळ निर्णय कायम राहिला. दुःख झाले, पण तोवर आमच्या हातात एक पक्की जागा होती.

त्यानंतर मुलगी आणखी एकदा सेंटरमध्ये गेली. नव्या कॅम्पसला १ जुलैपर्यंत प्रत्येक कॉलेजचे अधिकृत गुणपत्रक पोहोचावे लागते, शेजारच्या कॉलेजचेही, असे तेथे सांगण्यात आले आणि तिने त्याच दुपारी दोन्ही ठिकाणी मागणी नोंदवली.