‘ज्वालामुखी खनिज’ की खडी क्रशरची भुकटी?

कृषी प्रदर्शनात, नर्सरीच्या दारात किंवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘ज्वालामुखी खनिज’, ‘लाव्हा पावडर’, ‘72 मूलद्रव्यांचं भू-सुधारक’ असलं काही विकायला आलं, तर पैसे देण्याआधी हे वाचा. साताऱ्यात आम्ही शेजारपाजारच्या बागवाल्यांनी मिळून 25 किलोची सहा पोती घेतली. पोत्याला 1,150 रुपये. सहा पोत्यांच्या पैशांत क्रशरवरून भुकटीची अख्खी ब्रास (100 घनफूट) आली असती.

विक्रेता बोलायला गोड. माझ्या लिंबाची नवी पानं पिवळी पडली होती, शिरा तेवढ्या हिरव्या. मोबाइलवरचा फोटो बघताच म्हणाला, “काका, माती उपाशी आहे. लोह संपलंय.” मग ताटलीत करडी भुकटी ओतली आणि तिच्यातून लोहचुंबक फिरवला. चुंबकाला काळ्या कणांची दाढी फुटली. “हे बघा लोह, डोळ्यांनी बघा!” लगेच दोन-तीन पाकिटं बाहेर आली. त्यातली एखादी त्याच्याच माणसाची असावी, असं आता वाटतं.

पावसाळा सरला तरी लिंबू तसंच पिवळं. शेजारच्या काकूंनी त्याच्याकडूनच ‘कॅल्शियम’ म्हणून पांढरी भुकटीही घेतली होती. त्यांची जास्वंद आणखीच फिकी पडली. शेवटी माती तपासून घेतली. सामू (pH) 8.2, मुक्त चुना भरपूर, उपलब्ध लोह कमी. म्हणजे लोह मातीत आहे, पण चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. अशा मातीत वरून आणखी चुनखडी घालणं म्हणजे दुखणं वाढवणंच.

आणि ती दाढी? गल्लीत एका बांधकामावर क्रश सँडचा, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूचा, ढीग पडला होता. त्यात चुंबक फिरवला तर हुबेहूब तशीच दाढी. आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतातच. चुंबकाला ते चिकटतात, पण झाडाला त्यांचा काही उपयोग नाही.

दगडाची भुकटी सगळीकडेच थोतांड, असं मात्र नाही. ब्राझीलमध्ये 2013 च्या कायद्याने तिला रीतसर मान्यता आहे, पण तिथल्या बऱ्याच जमिनी पावसाने क्षार धुऊन गेल्याने आम्लधर्मी झालेल्या. कोकणच्या जांभ्या मातीत रॉक फॉस्फेट (स्फुरद असलेल्या दगडाची भुकटी) लागू पडतं तेही तिथल्या आम्लतेमुळे. देशावरच्या चुनखडीच्या जमिनीत ते नुसतं पडून राहतं. आपली काळी माती मुळात बेसाल्ट झिजूनच झालेली. तिला पुन्हा तोच दगड, तोही किलोच्या भावाने!

तक्रारीला गेलो तेव्हा खरी मेख कळली. पोत्यावर ‘खत’ हा शब्दच नव्हता. खत नियंत्रण आदेश 1985 प्रमाणे खताच्या पोत्यावर उत्पादकाचं नाव आणि अन्नद्रव्यांची टक्केवारी छापावी लागते, विकणाऱ्याला परवाना लागतो, बिल द्यावं लागतं. आमच्या पोत्यावर डोंगरातून उसळणारा लाव्हा, ‘इम्पोर्टेड’ हा शब्द आणि एक मोबाइल नंबर, बस्स. पावती कच्ची, तिच्यावर ‘बाग साहित्य’ एवढंच. कृषी अधिकाऱ्यांनी नीट ऐकून घेतलं, पण ‘खत म्हणून विकल्याचा कागद आहे का?’ या प्रश्नावर आम्ही सगळे गप्प. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. विक्रेत्याचा नंबर बंद लागतो.

तेव्हा कुणी चुंबक, काचेचा ग्लास, रंग बदलणारं पाणी असले प्रयोग दाखवायला लागला, की टक्केवारी, परवाना क्रमांक आणि पक्कं बिल मागा. आमच्या मागून स्टॉलवर आलेल्या एका शेतकऱ्याने नेमकं हेच मागितलं होतं. त्याला ‘जेवून येतो’ म्हणून वाटेला लावलं.

लिंबावर मी आता हिराकस (फेरस सल्फेट, पाण्यात विरघळणारं लोह) फवारतो. लिटरला पाच ग्रॅम, त्यात थोडा लिंबाचा रस, ऊन उतरल्यावर. बुंध्याशी कुजलेलं शेणखत. नवी पालवी बऱ्यापैकी हिरवी आली आहे. उरलेली दोन पोती बांधकामावरच्या गवंड्याने फरशीखाली भरायला नेली. माल चांगला आहे म्हणाला.