डिस्टिलरीचा वायू: सोडावाल्याला विकावा की मिथेनॉल करावं?

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत फरमेंटरच्या (मळी वगैरे आंबवून इथेनॉल करायच्या टाकीच्या) तोंडाशी सोड्याची बाटली फोडल्यासारखी नाकात झिणझिणी येते. (आत डोकावू मात्र नका, ह्या वायूने माणसं गेलेली आहेत.) एक लिटर इथेनॉलमागे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे रोज १ लाख लिटरच्या डिस्टिलरीतून दिवसाला ७५ टन, तोही पाण्याने धुतला की जवळजवळ शुद्ध. बॉयलरच्या चिमणीतही हाच वायू आहे, पण तो नायट्रोजनमधून सोडवायला रसायन आणि वाफ दोन्ही खर्ची पडतात. चिमणीचा विचार सध्या सोडा.

पहिला पर्याय सरळ आहे. वायू धुवायचा, दाबायचा, द्रवरूपात टँकरने शीतपेयवाल्यांना, ड्राय आइसवाल्यांना विकायचा. यंत्रसामग्री ओळखीची, पैसा लवकर सुटतो. पर्यावरणाच्या नावाने मात्र छाती फुगवू नये, बाटली उघडली की तो पुन्हा हवेतच जातो.

दुसरा पर्याय मिथेनॉल, म्हणजे ह्या वायूला हायड्रोजन जोडून केलेलं द्रव इंधन. जळल्यावर वायू इथेही हवेत जातोच, पण तेवढं खनिज इंधन वाचतं. ७५ टनांतून दिवसाला ५४ टन मिथेनॉल होईल. त्याला हायड्रोजन लागेल सुमारे १० टन, आणि पाण्यातून तो काढायला सव्वापाच लाख युनिट वीज. चोवीस तास २२ मेगावॅट! अनेक कारखान्यांचं बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालणारं सहवीज केंद्र साधारण एवढंच असतं, आणि तेही हंगामापुरतं. शिवाय बगॅसच्या विजेवर केलेलं मिथेनॉल युरोपच्या ई-इंधनाच्या (विजेपासून केलेल्या इंधनाच्या) व्याख्येत बसत नाही, तिथे सौर, पवन यांसारखी, जैवपदार्थ न जाळता केलेली अक्षय वीज लागते. युनिट ५ रुपये धरलं तरी टनाला जवळपास ५० हजार नुसत्या विजेचे. नैसर्गिक वायूपासूनचं मिथेनॉल एरवी याहून पुष्कळ स्वस्त पडतं.

मग हे करतं कोण? आइसलँडमध्ये स्वार्त्सेंगीला २०१२ च्या सुमारास भूगर्भातल्या उष्णतेच्या विजेवर प्रकल्प उभा राहिला, पुढे तो वर्षाला ४ हजार टनांपर्यंत वाढवला. डेन्मार्कमध्ये कासो इथे २०२५ साली ४२ हजार टनांचा सुरू झाला. बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड, शेजारी मोठा सौर प्रकल्प, आणि जहाजांसाठी माल उचलणारी मर्स्क कंपनी. तिन्ही गोष्टी जागेवर होत्या.

मोटारीसाठी मात्र हा उद्योग नको. दहा युनिट विजेतून मिथेनॉलमध्ये साडेपाच उरतात, इंजिनातून चाकापर्यंत दोनही पोचत नाहीत. तीच वीज बॅटरीत भरली तर सातेक पोचतात. लांब पल्ल्याच्या जहाजाला बॅटरी परवडत नाही, म्हणून गिऱ्हाईक तिथे.

विमानाचं इंधन हा तिसरा रस्ता कोणी सुचवेल. भारताचं आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला १, २०२८ ला २ टक्के खनिज नसलेलं इंधन मिसळण्याचं उद्दिष्ट आहे, आणि पुण्याच्या प्राज कंपनीने २०२३ मध्ये पुणे-दिल्ली विमानासाठी असं इंधन पुरवलंही. पण कारखान्याला जमेल असा त्याचा मार्ग इथेनॉलपासूनचा आहे. तुमचा वायू तिथे वापरला जात नाही, आणि इथेनॉल तर तेल कंपन्या पेट्रोलसाठी घेतातच.

मी संचालक असतो तर यंदा वायू धुण्याचा आणि द्रवरूप करण्याचाच ठराव मांडला असता. धुण्याची यंत्रणा पुढे मिथेनॉललाही लागतेच. खरेदीदाराचा दहा वर्षांचा करार आणि तीन रुपयांच्या आतली सौर-पवन वीज हातात आली की मग दुसरा ठराव. तोवर द्रवरूप वायूच्या टाकीच्या पूर्वेला एकरभर जागा मोकळी ठेवावी, तिथे मळीची टाकी बांधू देऊ नये.