कॅमेरे, घरपट्टीचा सर्व्हे की पाण्याचं मोजमाप? पालिकेनं आधी काय घ्यावं

सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हल्ली हे विषय हमखास दिसतात: सीसीटीव्ही आणि नियंत्रण कक्ष, ड्रोन उडवून मालमत्तांचा जीआयएस सर्व्हे (म्हणजे प्रत्येक मालमत्ता संगणकातल्या नकाशावर आणणं), पाणीपुरवठ्यासाठी स्काडा (पाण्याची पातळी, प्रवाह, दाब लांबून वाचणारी आणि व्हॉल्व्ह लांबून चालवणारी यंत्रणा) आणि स्मार्ट मीटर, घंटागाड्यांना जीपीएस. सादरीकरणं सगळ्यांचीच झकास. मोठा पडदा, त्यावर शहराचा नकाशा, नकाशावर लाल-हिरवे ठिपके. पैसे मात्र एकाच कामापुरते असतात. उदगीर, परळी, हिंगोली, अंबाजोगाई एवढ्या आकाराच्या गावात तुम्ही सदस्य असाल, किंवा सदस्याला जाब विचारणारे नागरिक असाल, तर हात वर करण्याआधी हे सगळं शेजारी शेजारी मांडून बघा.

माझा कल आधीच सांगतो. पाण्याचं मोजमाप पहिलं, पण सुरुवात घरोघरच्या मीटरनं नको. सर्व्हे दुसरा. आणि कॅमेऱ्यांसाठी पालिकेच्या तिजोरीला हात लावू नये.

जीपीएसचं लवकर उरकतो. गाडी गल्लीत गेली एवढं ते सांगतं, कचरा उचलला का ते सांगत नाही. दारावर क्यूआर कोड लावून स्कॅन करायची पद्धत आली, तर काही ठिकाणी कोडचे कागद एकाच भिंतीवर चिकटवून स्कॅन होऊ लागले. ठेकेदाराचं बिल फेऱ्यांवर निघत असेल तर जीपीएस जरूर घ्या, महागही नाही. त्यानं शहर स्वच्छ होईल ही अपेक्षा सोडा.

कॅमेरे: बसवणं सोपं, चालवणं अवघड

छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचं औरंगाबाद) २०१६ साली स्मार्ट सिटीत निवडलं गेलं. त्या पैशांतून शहरात कॅमेरे लागले, जानेवारी २०१९ पासून सिटी बस धावू लागली. कॅमेऱ्यांचा पोलिसांना उपयोग होतो, यात वाद नाही. पण ती योजना केंद्राची होती आणि मार्च २०२५ मध्ये संपली. वस्तू घ्यायला योजना पैसे देते. वीज, इंटरनेट, दुरुस्ती आणि बस रोज चालवण्याचा खर्च शेवटी शहराच्याच गळ्यात येतो. महापालिकेला जे जड जातं ते नगरपालिकेला किती जड जाईल, बघा.

साधा हिशेब करू. एक बऱ्यापैकी कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट चित्र पाठवतो असं धरा. दिवसाला साधारण साडेएकवीस जीबी झाले. १०० कॅमेऱ्यांचं ३० दिवसांचं चित्रण ठेवायचं तर ६५ टीबी जागा हवी. त्याला सर्व्हर, सर्व्हरला एसी, एसीला जनरेटर. केबल खोदकामात तुटणार, आणि आपल्याकडे खोदकाम बारमाही. वार्षिक देखभालीचा करार संपला की चौकातला कॅमेरा खांबावर दिसतो, पण चोरी झाल्यावर फूटेज मागितलं तर 'तो बंद आहे' असं उत्तर मिळतं. शिवाय चित्रं बघणार पोलीस, गुन्हा नोंदवणार पोलीस. मग खर्चही पोलिसांच्या किंवा जिल्हा नियोजनच्या निधीतून व्हावा. पालिकेनं खांब आणि जागा द्यावी. आणखी एक: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं लोकांची माहिती साठवणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे. फूटेज कोण बघणार, किती दिवस ठेवणार, हे आधी लिहून काढावं लागेल.

सर्व्हे: पैसे आणतो, भांडणंही आणतो

घरपट्टीचा सर्व्हे हा या यादीतला एकच विषय, जो स्वतःचा खर्च भरून काढू शकतो. गाव वाढलं, गुंठेवारीत नव्या वसाहती झाल्या, जुन्या घरावर दोन मजले चढले, पण मागणी रजिस्टरमध्ये अजून 'पत्र्याचे घर, दोन खोल्या' अशीच नोंद. अशा गावात नकाशावर प्रत्येक मालमत्ता आली की वसुली वाढते, आणि ती दर वर्षी येणारी वाढ असते.

ड्रोनला मात्र वरून छत दिसतं, आत काय आहे ते दिसत नाही. गुरांचा गोठा आणि दुकानाचं शेड त्याला सारखंच. भाडेकरू कोण, मालक कोण, भाऊवाटणी झाली का, हे दारात जाऊनच कळतं. म्हणून एजन्सीचा दर ठरवताना ड्रोनपेक्षा दारात जाणाऱ्या माणसाकडे लक्ष द्या. त्याला घरटी दर देऊन मोकळं सोडलं तर तो दिवसाला शंभर घरं 'करतो', आणि मग मोमीनचा मोहन होतो, गायकवाडांची जागा गवळ्यांच्या नावावर पडते. नोटिसा गेल्या की पालिकेसमोर रांग. हरकती आणि सुनावण्यांत वर्ष निघून जातं, निवडणूक जवळ असेल तर सगळं थंड्या बस्त्यात. एकाच प्रभागातल्या तीनशे घरांत आधी करून बघा, हरकती किती येतात ते मोजा, मग बाकीचं गाव.

पाणी: मोजायचं कुठे, हा खरा प्रश्न

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या विषयाकडे. धरण उशाला आणि कोरड घशाला, हे आपल्याकडे म्हणीपुरतं राहिलेलं नाही. जायकवाडी पैठणला, पण संभाजीनगरच्या कित्येक वसाहतींना अनेक दिवसांच्या गॅपनं पाणी मिळत आलं. लहान शहरांत गॅप आठवड्याच्याही पुढे जातो. विक्रेत्याच्या सादरीकरणात ही गोष्ट नसते, आणि सगळी खरेदी हिच्यावरच अडते.

घरोघरी स्मार्ट मीटर घ्यायचं ठरवलं तर काय होतं? पाच दिवस पाइप रिकामा असतो. पाणी सुटलं की आधी आतली हवा जोरात पुढे ढकलली जाते, आणि फिरत्या चक्रीचं मीटर त्या हवेवरही फिरतं. हवेचं बिल कोण भरणार? अल्ट्रासॉनिक मीटरमध्ये चक्री नसते, पण ते बरंच महाग, आणि पाइप अर्धा भरलेला असला की तेही चुकतं. वर गाळ, आणि लाईनला थेट लावलेल्या मोटारी. मीटर अडकलं की प्लंबर ते काढून सरळ नळी जोडून देतो, आणि त्या घराचं रीडिंग पडद्यावर शून्य दिसत राहतं.

दुसरी अडचण ठरावाची. आपल्या बहुतेक शहरांत नळपट्टी ठोक असते, नळाच्या साइजवर. संभाजीनगरात २०२२ मध्ये अर्धा इंची नळाची वार्षिक पट्टी ४,०५० रुपयांवरून २,०२५ वर आणली. वापर किती, याचा त्यात संबंध नाही. लिटरवर दर लावायचा ठराव सभागृह करणार नसेल तर बारा हजार नळांच्या गावात बारा हजार मीटरांचे आकडे कुठल्या बिलात जाणार?

मीटर यशस्वी झाल्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. कराडशेजारच्या मलकापूर नगरपंचायतीनं चोवीस तास पाणी दिलं, दूरवरून रीडिंग घेता येणारी मीटर लावली, जास्त वापरेल त्याला चढता दर लावला. पण तिथे वितरणाची लाईन नवी होती आणि तिच्यात पाणी कायम दाबानं होतं. हा क्रम उलटा केला तर फक्त मीटर उरतात. ज्यांची नवी योजना पूर्ण होऊन पाणी रोज, दाबानं यायला लागलं आहे, त्यांनी मीटर जरूर घ्यावेत. बाकीच्यांनी थांबावं.

मग मोजायचं कुठे? धरणावरच्या जॅकवेलवर (जिथून पंप पाणी उचलतात ती विहीर), जलशुद्धीकरण केंद्राच्या इनलेटला आणि आउटलेटला, आणि प्रत्येक उंच टाकीतून वितरणाला निघणाऱ्या पाइपवर. सहा टाक्यांचं गाव असेल तर दहाएक फ्लो मीटर झाले. कुठे बारा हजार, कुठे दहा! इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर घ्यायचं तर त्याच्या आधी पाइपच्या व्यासाच्या पाचपट आणि नंतर दोन-तीनपट सरळ लांबी लागते, आणि पाइप तिथे भरून वाहायला हवा. बेंडला चिकटून किंवा अर्धवट उघड्या व्हॉल्व्हशेजारी बसवलं की आकडा खोटा. जागा बघायला अभियंता स्वतः चेंबरमध्ये उतरला का, हे विचारा.

मीटर यायच्या आधीही एक काम फुकटात होतं. रात्री टाकी भरून घ्या, इनलेट-आउटलेटचे सगळे व्हॉल्व्ह बंद करा, टेपनं पातळी मोजा, एक तासानं पुन्हा मोजा. १२ मीटर व्यासाच्या गोल टाकीत पाणी एक सेंटिमीटर उतरलं म्हणजे सुमारे १,१३० लिटर गेलं. तासात दहा सेंटिमीटर उतरलं तर अकरा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर, एकही नळ न सोडता. गळती टाकीला आहे की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, ते दुसऱ्या दिवशी शोधता येतं. त्याला पडदा लागत नाही.

महावितरणचं बिलसुद्धा डेटाच आहे, आणि तो दरमहा घरपोच येतो. हजार लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायला हिशेबानं ०.२७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटारीतली घट धरली तर ०.४ च्या आसपास. पाइपमधल्या घर्षणाचाही भार असतो, तो उंचीत मिळवून घ्या. जॅकवेलच्या फ्लो मीटरचा महिन्याचा आकडा आणि बिलातले युनिट समोरासमोर ठेवा. दुप्पट वीज जळत असेल तर पंप झिजला आहे, किंवा कागदावरचं पाणी प्रत्यक्षात उचललंच जात नाही. दोन्ही गोष्टी सभागृहाला कळलेल्या बऱ्या.

स्काडाच्या बाबतीत माझं मत थोडं जुनाट वाटेल. पहिली तीन वर्षं स्काडा फक्त वाचण्यासाठी घ्या: पातळी, प्रवाह, दाब. मोटारीवर उघडणारे व्हॉल्व्ह नकोत. चेंबरमध्ये पावसाळ्यात गटाराचं पाणी भरतं, तिथे मोटार टिकत नाही. टिकली तरी लाईट गेल्यावर लाईनमनला किल्ली घेऊन यावंच लागतं. कुठली गल्ली उंचावर आहे, कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की शेवटच्या घरापर्यंत धार पोहोचते, हे आज फक्त त्याच्या डोक्यात असतं. तो निवृत्त झाला की ते ज्ञान गेलं. व्हॉल्व्हला क्रमांक घालून, उघडल्याची-बंद केल्याची वेळ त्याच्याकडून मोबाइलवर रोज नोंदवून घेतली, तर स्काडापेक्षा कमी खर्चात शहराचा खरा नकाशा तयार होतो.

यालाही मर्यादा आहे. हुबळीत 'नेक्स्टड्रॉप' नावाचा असा प्रयत्न झाला: व्हॉल्व्ह उघडणाऱ्यानं कळवायचं आणि लोकांना पाणी येण्याआधी एसएमएस जायचा. पुढे बेंगळुरूत संशोधकांनी तोच प्रयोग तपासला, तर व्हॉल्व्ह उघडणारे लोक माहिती वेळेवर कळवत नव्हते. का कळवावी? त्यांना त्यात काय मिळत होतं? शिवाय मोबाइल दुकानावर बसलेल्या नवऱ्याकडे आणि हंडे भरायला घरी बाई, असं असेल तर मेसेज वेळेत येऊनही उपयोग नाही. लाईनमनला नोंदीसाठी महिना भत्ता ठरवा आणि वेळापत्रक मेसेजबरोबर टाकीखालच्या फळ्यावरही लिहा.

लातूर आठवा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली तेव्हा दहा वॅगनमध्ये ५ लाख लिटर पाणी होतं. पुढे पन्नास वॅगनची गाडी २५ लाख लिटर आणू लागली. त्याआधी टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती. अशा वर्षी कुठल्या टाकीतून कुठल्या भागाला किती गेलं हा आकडा हाताशी असेल, तर निदान वाटपावरून होणारी भांडणं कागदावर सोडवता येतात. आणि लातूरला पाणी देणारी मांजरा पुन्हा कधी कोरडी पडेल ते कुणाच्या हातात नाही.

पैसा कुठला, माणूस कुठला

पंधराव्या वित्त आयोगानं (२०२१-२६) लहान शहरांच्या अनुदानातला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. असा बंधित निधी शिल्लक असेल तर फ्लो मीटर त्यात बसतात. कॅमेरे बसत नाहीत. सर्व्हेचा खर्च वाढीव वसुलीतून फेडण्याचा करार करता येतो, पण वाढीव म्हणजे कुठल्या वर्षाच्या तुलनेत, हे करारात लिहा, नाहीतर एजन्सी जुन्या थकबाकीच्या वसुलीवरही टक्का मागते.

माणसांची तुलना केली तर कॅमेऱ्यांना तिन्ही पाळ्यांत बसणारे लोक लागतात. सर्व्हेला वर्षभर दोन हुशार कारकून पुरतात. दहा फ्लो मीटरांना एक कनिष्ठ अभियंता आणि रोज सकाळची पंधरा मिनिटं. मात्र ती पंधरा मिनिटं कोणीच देणार नसेल, पाणीपुरवठ्याचं पद रिक्त आणि शेजारच्या पालिकेच्या अभियंत्याकडे अतिरिक्त कार्यभार असेल, तर माझा क्रम बदलतो. मग आधी सर्व्हे करा आणि त्या उत्पन्नातून माणूस भरा.

काहीही घेतलंत तरी निविदेत एवढं घाला: सगळी माहिती पालिकेच्या मालकीची, दर महिन्याला एक्सेलमध्ये मिळणार, मुख्य पासवर्ड मुख्याधिकाऱ्यांकडे, आणि शेवटचा मोठा हप्ता वर्षभर चालल्यावर. कंपनीला विचारा की हीच यंत्रणा तीन वर्षं चालू असलेली पालिका कोणती. नाव मिळालं की तिथल्या साहेबांना नंतर भेटा, आधी तिथल्या लाईनमनचा नंबर काढून त्याला फोन लावा.