छोट्या प्रकाशनाची वर्गणी, गोव्याचा पावसाळा आणि पुस्तकाची शिवण

एका छोट्या प्रकाशनाची वर्षाची वर्गणी भरली. पैसे वसूल झाले का, तर झाले. ऑगस्टमध्ये विचारलं असतंत तर ठाम नाही म्हणालो असतो.

वर्गणी योजना कशी चालते ते बहुतेकांना ठाऊक आहे. वर्षाचे पैसे आगाऊ भरायचे आणि जे छापलं जाईल ते टपालाने घरी येतं. हे प्रकाशन एकहाती आहे. निवड, संपादन, मुद्रितं तपासणं, पार्सलवर पत्ते लिहिणं, सगळं एकट्या बाई करतात. मार्चपासून डिचोलीला आमच्याकडे पुस्तकं येताहेत. खाणपट्ट्यातल्या ट्रकचालकांवरचं एक लेखन आलं, पेडण्याच्या दशावतारी कलाकारांच्या मुलाखती आल्या. मोठा प्रकाशक आधी विचारतो, किती खपतील? या बाईंनी तो प्रश्न मागे ठेवला म्हणून ती माणसं छापील पानावर आली. मजकुराला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण, त्यावर अधिक काही बोलत नाही.

बोलायचंय ते बांधणीबद्दल.

जुलैत मुखपृष्ठं वळली. मॅट लॅमिनेशन, म्हणजे कव्हरवरची प्लास्टिकची पातळ फिल्म, फक्त बाहेरून असतं. आतल्या बाजूने कागद दमट हवा पितो आणि फुगतो, वरची फिल्म फुगत नाही, म्हणून कव्हर बाहेर कलतं. ते चालवून घेतलं. ऑगस्टात मात्र दशावताराचं पुस्तक मधोमध उघडलं आणि पानं सुटून हातात आली. ही परफेक्ट बाइंडिंगची करामत. फर्म्यांची, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांची, पाठ कापतात, गोंद लावतात, मग प्रत्येक पान फक्त गोंदावर तगतं. त्यात कागदाचे तंतू पाठीला आडवे होते. असा कागद ओल लागली की पाठीच्या लांबीत वाढतो, गोंदाची पट्टी तेवढी वाढत नाही, पानांना लाटा येतात आणि ती सुटतात. विकत घेताना पान पाठीला समांतर हलकं वाकवून पाहा, मग आडवं. समांतर वाकवताना सहज वाकलं तर कागद बरोबर लावलाय. बारक्या कवितासंग्रहाच्या पिनांना तर गंज चढला, मधल्या पानांवर तांबूस डाग.

छापखान्याने बाईंना उत्तर दिलं, हवेला आम्ही काय करणार? मला याचा संताप आला. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, हे इथे छापणाऱ्याला कोणी वेगळं सांगायला हवं का? भारतातला पहिला छापखाना १५५६ साली इथेच, जुन्या गोव्यात सुरू झाला. गोव्यातल्याच रायतूरला १६१६ साली फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण, ख्रिस्ताची कथा सांगणारं मराठी काव्य, छापलं गेलं, पुढे आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, पण त्या छापील आवृत्त्यांची आज एकही प्रत ज्ञात नाही. १९०७ साली मंगळूरहून ते पुन्हा निघालं तेव्हा हस्तलिखितांचा आधार घ्यावा लागला. थोड्या प्रती निघतात तिथे प्रत्येक प्रत टिकणं हा मजकुराइतकाच मोठा प्रश्न आहे. दुसरी आवृत्ती निघेलच याची हमी नसते.

मी बाईंना फोटोंसकट सविस्तर लिहिलं. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला, "पुस्तक परत पाठवू नका, टपालाचा खर्च तुम्हाला कशाला? नवी प्रत शिवून देते." नवी प्रत गणपतीनंतर आली. फर्मे दोऱ्याने शिवलेले, कागदाचे तंतू पाठीला समांतर, कव्हरला लॅमिनेशनच नाही. टेबलावर उघडं ठेवलं तर सपाट पडतं, हाताने दाबून धरावं लागत नाही. ऑक्टोबरच्या सरींमध्येही पान हललं नाही.

तेव्हापासून बारके संग्रह सोडून त्यांची सगळी पुस्तकं शिवलेली येतात आणि किंमत प्रतीमागे ४० रुपयांनी वाढली आहे. मी पैशाला जपणारा माणूस आहे, तरी ही वाढ मला रास्त वाटते. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण त्यामुळेच कागदावर भरलेल्या कराची वजावट प्रकाशकाला मिळत नाही. तो भार थोड्याच प्रतींवर पडतो. त्यात सवलत मागणं मला पटत नाही.

तक्रार एकच उरली आहे. बारक्या संग्रहांना अजून पिनाच आहेत. तिथेही दोरा हवा, मधल्या घडीतून तीन टाके पुरतात. बाईंना तसं कळवलं आहे आणि पुढच्या वर्षाची वर्गणीही भरली आहे. तुम्ही भरणार असाल तर जूनच्या आधी भरा, आणि बारके संग्रहही शिवलेले हवेत असं आवर्जून लिहा.