जुना घडीचा चाकू घ्यायचाय? रॉजर्स, व्हिक्टोरिनॉक्स आणि ओपिनेल समोरासमोर

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात जुन्या चाकूला हात लावला की विकणारा हमखास म्हणतो, "पोर्तुगीज काळातला आहे." गोव्यात १९६१च्या आधीचं काहीही पोर्तुगीज काळातलंच म्हणायचं, त्यामुळे या वाक्यातून हाती काही लागत नाही. त्या काळात इथे परदेशी माल भरपूर यायचा, आणि तारवटी, म्हणजे जहाजांवरचे खलाशी, बंदराबंदरांतून आणायचे ते वेगळंच. चाकू कुठला आणि कधीचा, हे त्याच्याच तोंडून काढावं लागतं.

त्यासाठी पातं अर्धं उघडा आणि मुठीत शिरतं तिथला सपाट भाग बघा. बॅटरीचा उजेड आडवा पाडला की झिजलेली अक्षरंही सावलीमुळे वाचता येतात. तिथे लोखंडी घासणी किंवा पॉलिश पेपर लावू नका. गंज म्हणून जे निघतं त्याच्याबरोबर पुरावाही जातो. तेलाचा थेंब सोडून बांबूच्या काडीने हळूच साफ करा.

पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी मी तीन नावं समोर ठेवतो.

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचं नाव तिघांत मोठं, पण तारीख सगळ्यात ढोबळ. तारा आणि माल्टीज क्रॉस ही त्यांची खूण १७६४ पासूनची. पुढे पिढ्यान्‌पिढ्या तीच चालली, म्हणजे तिच्यावरून बनवणारा कळतो, वय नाही. मुकुटाशेजारी 'व्ही आर' असेल तर ती राणी व्हिक्टोरियाची अक्षरं, तिची कारकीर्द १८३७ ते १९०१. 'जी आर' मात्र फसवं आहे. पाचवा जॉर्ज १९१० ते १९३६, सहावा १९३६ ते १९५२, आणि दोघांचीही अक्षरं तीच. पात्यावर 'इंग्लंड' असेल तर चाकू १८९१च्या नंतरचा, असं सर्रास सांगतात. या नियमाचं मूळ अमेरिकेच्या १८९०च्या आयात कायद्यात आहे: तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं. मुंबईमार्गे आपल्याकडे आलेल्या चाकूचा त्या कायद्याशी काय संबंध? त्यामुळे 'इंग्लंड' नाही म्हणून चाकू शंभरसव्वाशे वर्षांचा, हा युक्तिवाद ऐकून घ्या आणि पुढे चला. रॉजर्सच्या नावाची नक्कलही भरपूर झाली. 'Rodgers' या स्पेलिंगमधलं 'डी' आणि शेवटचं 'एस' जागेवर आहे ना, हे आधी बघा. शेफील्डचाच हवा आणि सालही पक्कं हवं, तर खलाशी-सैनिकांचा जाड चाकू शोधा, दोर सोडवायच्या टोच्याचा. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाची खूण असते आणि पुष्कळदा शेजारी सालही ठोकलेलं असतं.

व्हिक्टोरिनॉक्स या स्विस चाकूची गोष्ट उलट. रुबाब कमी, पण वय सांगायला तयार. कार्ल एल्सेनर यांची कार्यशाळा १८८४ची, ऑफिसर चाकूची नोंदणी १८९७ची. आईच्या निधनानंतर १९०९ मध्ये त्यांनी मालाला तिचंच 'व्हिक्टोरिया' हे नाव दिलं, आणि १९२१ मध्ये स्टेनलेस पोलाद आलं तेव्हा त्या नावाला 'इनॉक्स' (म्हणजे स्टेनलेस) जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं. म्हणजे पूर्ण 'व्हिक्टोरिनॉक्स' कोरलेला चाकू १९२१च्या आधीचा असूच शकत नाही. पाठीवर पार्सल उचलायचा हूक दिसला तर १९९१ किंवा त्यानंतरचा. विकणारा काहीही म्हणो, तो चाकू पोर्तुगीजांनी पाहिलेला नाही. सगळ्यात सोपा १९६१चा सैनिकी नमुना: ॲल्युमिनियमची चंदेरी मूठ, आणि पात्याच्या मुळाशी सालाचे दोन आकडे. '६५' म्हणजे १९६५. दुसऱ्या पुराव्याची गरजच नाही.

ओपिनेल या फ्रेंच चाकूमध्ये कडी बघायची. मुठीच्या तोंडाशी फिरणारी कडी १९५५ मध्ये आली. आठ नंबरच्या चाकूला ती नसेल आणि काढून टाकल्याची खूणही नसेल, तर तो त्याआधीचा धरायला हरकत नाही. पाच नंबरपर्यंतच्या छोट्यांना मात्र कडी नसतेच, तेव्हा त्यांच्यावर हा नियम लावू नका. पात्यावरचा मुकुटाखालचा हात १९०९ पासूनचा.

जर्मनीतल्या सोलिंगेनचा मालही इथे दिसतो. हेंकेल्सची जुळ्यांची खूण १७३१ची, तिच्यावरून वय काढणं अशक्य. 'वेस्ट जर्मनी' असेल तर मात्र १९४९ ते १९९० ही चौकट हातात येते. अमेरिकन केस कंपनीची पद्धत सगळ्यांहून सरस: १९७० मध्ये नावाखाली दहा ठिपके, मग दरवर्षी एक कमी, १९७९ मध्ये एकच. पण आपल्या बाजारात केस क्वचितच सापडतो.

आपल्या हवेचाही विचार करा. रॉजर्स आणि जुने ओपिनेल कार्बन पोलादाचे. जूनपासून चार महिने त्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा हात हवाच. खोबरेल लावू नका, सांध्यात चिकट होऊन बसतं. सेल्युलॉइडची (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची) मूठ असेल तर तो चाकू वेगळ्या डब्यात ठेवा. ते कुजायला लागलं की त्याच्या वाफेने शेजारचे चाकूही गंजतात.

घरात आजोबांचा रॉजर्स असेल तर विकू नका आणि धारवाल्याकडेही देऊ नका. विकत घ्यायचा असेल तर पहिला स्विस सैनिकी, दुसरा कडीविना आठ नंबरचा ओपिनेल. रॉजर्सवर पैसे टाकायचे ते पात्याची रुंदी मुठीच्या खाचेत भरून उरत असेल तरच. धार लावलावून पातं अर्ध्यावर आलं असेल, तर नाव कितीही स्पष्ट असो, विकणाऱ्याने सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यानेही घेऊ नका. आणि बाजारातून थेट दाबोळी किंवा मोपा विमानतळ गाठायचा असेल, तर चाकू चेक-इनच्या बॅगेत टाका. हातातल्या सामानात सापडला तर तिथेच ठेवून जावा लागेल.